शाळा-कॉलेजचा पैसा कुठून येतो? महाराष्ट्रातल्या पालकांना पडणारे प्रश्न

दोन वर्षं मी गावच्या जिल्हा परिषद शाळेच्या व्यवस्थापन समितीवर पालक म्हणून होतो. पहिल्याच बैठकीत पाण्याच्या फुटलेल्या टाकीचा विषय निघाला. झेडपीत गेलो तर म्हणाले ग्रामपंचायतीला विचारा, ग्रामपंचायत म्हणाली हे झेडपीचं काम. मुलं तोवर घरून बाटल्या आणत होती. तेव्हा कळलं, की शाळेला पैसा अनेक खिशांतून येतो आणि कुठल्या कामाला कुठला खिसा, हे ठाऊक नसलं की माणूस नुसता हेलपाटे घालत राहतो. त्या काळात मी विचारलेले आणि नंतर लोकांनी मला विचारलेले प्रश्न इथे एकत्र केले आहेत.

शिक्षण मोफत आहे म्हणतात. मग पैसे नेमके कोण भरतं?

आपणच. शहरात राहत असाल तर घरपट्टीचं बिल काढून बघा. त्यात सामान्य कर, पाणीपट्टी यांच्या खाली ‘शिक्षण कर’ अशी ओळ असते, जवळच ‘रोजगार हमी कर’ असतो. शिक्षण कराची वसुली १९६२ च्या राज्याच्या उपकर कायद्याने चालू आहे, रोजगार हमी कर त्यात नंतर जोडला गेला. प्राप्तिकर भरणाऱ्याच्या करावर ४ टक्के आरोग्य व शिक्षण उपकर लागतो. २००४ साली तो २ टक्के होता, २००७ मध्ये माध्यमिक व उच्च शिक्षणासाठी आणखी १ टक्का आला आणि २०१८ पासून सगळा मिळून ४ टक्के झाला. या उपकरातला वाटा राज्यांना आपोआप मिळत नाही, तो केंद्राच्या योजनांमधून खाली येतो.

ज्याच्या नावावर ना घर ना पगार, तोही साबण, चप्पल, मोबाइलचं रिचार्ज घेताना जीएसटी भरतो आणि सरकारी शाळेचा मोठा खर्च राज्याच्या अशा सर्वसाधारण महसुलातूनच भागतो. म्हणून ‘फुकटची शाळा’ हा शब्द मला खटकतो. ती आधीच पैसे भरून झालेली शाळा आहे.

आमची शाळा नक्की कुठल्या प्रकारची, हे कसं ओळखायचं?

ढोबळ मानाने चार प्रकार आहेत. पहिला, स्थानिक स्वराज्य संस्थेच्या शाळा: गावात जिल्हा परिषदेची, शहरात नगरपालिका किंवा महापालिकेची. दुसरा, खासगी अनुदानित: संस्था खासगी, पण मान्य पदांचा पगार सरकारचा. तिसरा, विनाअनुदानित आणि अंशतः अनुदानित. चौथा, स्वयंअर्थसहाय्यित, म्हणजे २०१२ च्या कायद्याखाली निघालेल्या शाळा. त्या अनुदान मागणार नाही असं मान्य करूनच सुरू होतात.

याशिवाय आश्रमशाळा आहेत. त्या शिक्षण खात्याच्या नाहीत. आदिवासी मुलांच्या आश्रमशाळा आदिवासी विकास विभागाकडे असतात. तिथली तक्रार घेऊन शिक्षणाधिकाऱ्यांकडे गेलात तर दिवस वाया जातो.

प्रत्येक शाळेला ११ अंकी यूडायस क्रमांक असतो, महाराष्ट्रातल्या शाळांचा २७ ने सुरू होतो. त्यावरून शाळेचं व्यवस्थापन कुणाचं, हे कळतं. नाहीतर सरळ मुख्याध्यापकांना विचारा, सांगायला काहीच हरकत नसते.

जिल्हा परिषद शाळेत पगार कोण देतं, छप्पर कोण दुरुस्त करतं, वीजबिल कोण भरतं?

इथेच सगळा गुंता आहे, म्हणून सविस्तर सांगतो.

राज्यात जिल्हा परिषदा १ मे १९६२ रोजी सुरू झाल्या आणि प्राथमिक शाळा त्यांच्याकडे आल्या. शिक्षक जिल्हा परिषदेचा कर्मचारी असतो, पण त्याच्या पगाराचा पैसा राज्य सरकार अनुदान म्हणून जिल्हा परिषदेला देतं. पगाराची बिलं ‘शालार्थ’ या ऑनलाइन प्रणालीतून निघतात. नव्याने लागलेला माणूस पहिली तीन वर्षं शिक्षणसेवक असतो, त्याला पगार नाही, मानधन मिळतं. प्राथमिकला ते बरीच वर्षं महिना ६ हजार होतं, २०२३ पासून १६ हजार झालं. डी.एड. करून, टीईटी देऊन, घर सोडून दोनशे किलोमीटरवर गेलेल्या पोरापोरींनी ६ हजारांत खोलीभाडं, डबा आणि गाडीचं पेट्रोल कसं भागवलं असेल, याचा विचार कधीतरी करून बघा.

इमारतीचं तसं नाही. नवी वर्गखोली समग्र शिक्षा अभियान या केंद्र-राज्याच्या योजनेतून येऊ शकते, जिल्हा नियोजन समितीच्या निधीतून येऊ शकते, आमदार-खासदार निधीतूनही येते. किरकोळ दुरुस्तीला झेडपीचा स्वतःचा निधी असतो, ज्याला सगळे ‘सेस’ म्हणतात. आणि पाणी, शौचालय, कुंपण, रंगरंगोटी यांसाठी ग्रामपंचायतीकडे वित्त आयोगाचे पैसे येतात. मात्र ते काम ग्रामपंचायतीच्या विकास आराखड्यात आधी लिहिलेलं असावं लागतं. आमची टाकी अडली ती इथेच. पैसे होते, आराखड्यात शाळेची ओळ नव्हती.

विजेचं दुखणं जुनं. कित्येक वर्षं शाळांना महागड्या दराने बिलं यायची, थकायची आणि मीटर काढून नेलं जायचं. मग गावाने दिलेला टीव्ही, कुणी दान केलेला प्रोजेक्टर कपाटात. आजही बऱ्याच ठिकाणी बिल ग्रामपंचायत भरते, काही ठिकाणी शिक्षक वर्गणी काढतात. हे चांगुलपणावर सोडण्याजोगं काम नाही असं माझं स्पष्ट मत आहे.

मुख्याध्यापकांच्या हातात वर्षाला किती पैसे येतात?

समग्र शिक्षेचं ‘संयुक्त शाळा अनुदान’ पटावर, म्हणजे शाळेत नाव असलेल्या मुलांच्या संख्येवर ठरतं. केंद्राच्या निकषांप्रमाणे ३० पर्यंत पट असेल तर वर्षाला १० हजार, १०० पर्यंत २५ हजार, २५० पर्यंत ५० हजार, १००० पर्यंत ७५ हजार आणि त्यापुढे १ लाख. यातले किमान १० टक्के स्वच्छतेवर खर्च करायचे असतात.

आमच्या शाळेचा पट २७ होता. म्हणजे वर्षाला कमाल १० हजार, महिन्याला साडेआठशेही नाही. त्यात खडू, डस्टर, झाडू, फिनेल, हजेरीपट, छपाईचा कागद, नळाची तोटी, बिघडलेला पंखा आणि १५ ऑगस्टची तयारी. मुख्याध्यापकबाईंनी पुढे ठेवलेल्या कॅशबुकात ‘फिनेल १ कॅन’ आणि ‘कुलूप १ नग’ अशा नोंदी होत्या, प्रत्येकीला व्हाउचर लावलेलं. काही खर्चांना व्हाउचर होतं पण नोंद नव्हती. ते त्यांनी स्वतःच्या पिशवीतून केले होते.

त्यात रक्कम वेळेवर येत नाही. जूनमध्ये हवे असलेले पैसे फेब्रुवारी-मार्चमध्ये खात्यावर दिसतात आणि ३१ मार्चच्या आत खर्च करून उपयोगिता प्रमाणपत्र द्यायचं असतं. राहिले तर परत जातात. मार्चएंडला शाळा घाईघाईने काहीतरी खरेदी का करते, याचं उत्तर इथे आहे. दोष शाळेचा नाही.

केंद्र सरकार यात किती देतं?

शिक्षण १९७६ च्या ४२ व्या घटनादुरुस्तीपर्यंत राज्याच्या सूचीत होतं, तेव्हापासून ते समवर्ती सूचीत आहे. म्हणजे कायदे दोघंही करू शकतात. पैशाचा मोठा भार मात्र राज्यावरच राहिला. समग्र शिक्षा ही २०१८ मध्ये आधीच्या योजना एकत्र करून झालेली केंद्रपुरस्कृत योजना. तिच्यात महाराष्ट्रासारख्या राज्यासाठी केंद्र ६० आणि राज्य ४० टक्के असं प्रमाण आहे. ईशान्येकडच्या आणि हिमालयातल्या राज्यांना ९०:१०. गणवेश आणि मोफत पाठ्यपुस्तकं यांना यातून पैसा मिळतो. पुस्तकं छापते बालभारती, १९६७ मध्ये स्थापन झालेली आपली संस्था.

पोषण आहाराचा हिशेब कसा चालतो?

तांदूळ केंद्राचा. पहिली ते पाचवीच्या मुलाला दिवसाला १०० ग्रॅम, सहावी ते आठवीला १५० ग्रॅम. जेवणातून लहानांना ४५० उष्मांक आणि १२ ग्रॅम प्रथिनं, मोठ्यांना ७०० उष्मांक आणि २० ग्रॅम प्रथिनं मिळाली पाहिजेत असा निकष. डाळ, तेल, तिखट-मीठ आणि इंधन यांचा खर्च केंद्र-राज्य ६०:४० असा वाटून घेतात. १९९५ पासून चालू असलेल्या या योजनेचं नाव २०२१ पासून पीएम पोषण आहे.

समितीचा सदस्य असाल तर एक गोष्ट जरूर करा. महिन्यातून एकदा, न सांगता, साडेदहाच्या सुमाराला जा. साठा रजिस्टर बघा, पोत्यातला शिल्लक तांदूळ बघा, त्या दिवशीची हजेरी बघा. पट २७, हजर २४, म्हणजे २ किलो ४०० ग्रॅम तांदूळ निघायला हवा. हे गणित चौथीतला मुलगाही करतो. आणि मग जी बाई चूल सांभाळते तिच्याशी बोला. तिला सरकारी भाषेत ‘स्वयंपाकी तथा मदतनीस’ म्हणतात आणि तिचं मानधन शेतमजुरीपेक्षाही कमी पडतं. खिचडी करपली म्हणून तिच्यावर ओरडण्याआधी तिला मागच्या महिन्याचे पैसे मिळाले का, ते विचारा.

खासगी संस्थेच्या शाळेतल्या शिक्षकाला सरकार पगार का देतं?

ही पद्धत इंग्रजांच्या काळातली. १८५४ च्या वुडच्या खलित्याने ठरवलं, की सरकारने सगळ्या शाळा स्वतः काढण्याऐवजी लोकांनी काढलेल्या शाळांना अनुदान द्यावं. पुढे तीनच वर्षांत, १८५७ मध्ये, मुंबई विद्यापीठ निघालं. पैसा मात्र वरच्या शिक्षणाकडे आणि वरच्या थरांकडे वळला. जोतीराव फुल्यांनी १८८२ मध्ये सरकारने शिक्षणाच्या चौकशीसाठी नेमलेल्या हंटर आयोगापुढे नेमकं हेच मांडलं: महसूल येतो रयतेच्या घामातून आणि खर्च होतो उच्चवर्णीयांच्या शिक्षणावर, तर निदान बारा वर्षांपर्यंतच्या मुलांना प्राथमिक शिक्षण सक्तीचं करा आणि प्राथमिक शिक्षकाला नीट पगार द्या. शाहू महाराजांनी १९१७ मध्ये करवीर (कोल्हापूर) संस्थानात सक्तीच्या मोफत प्राथमिक शिक्षणाचा हुकूम काढला. मूल शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला महिना एक रुपया दंड. गोपाळ कृष्ण गोखल्यांचं याच विषयावरचं विधेयक मात्र इंग्रज सरकारच्या मध्यवर्ती कायदेमंडळात १९१२ साली फेटाळलं गेलं होतं.

जिथे सरकार पोचलं नाही तिथे लोक पोचले. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये कराडजवळ काले इथे रयत शिक्षण संस्था स्थापन केली. गावोगावच्या घरांतून मूठ-मूठ धान्य जमवून वसतिगृहं चालवली, त्याला मुष्टिफंड म्हणत. अशा संस्थांच्या शाळांना पगाराचं अनुदान देणं म्हणजे उपकार नव्हता. सरकारचं काम लोकांनी आधीच अंगावर घेतलं होतं.

आज अनुदानित शाळेचे पगार जिल्ह्याच्या ‘वेतन पथका’मार्फत होतात. संस्थेच्या हातात पगाराची रक्कम येत नाही आणि हे फार चांगलं आहे. इमारत, प्रयोगशाळा, स्टेशनरी यांसाठी ‘वेतनेतर अनुदान’ असतं, पण ते अपुरं आणि उशिरा. म्हणूनच ‘इमारत निधी’च्या नावाखाली पालकांकडे पैसे मागितले जातात. आठवीपर्यंत प्रवेशासाठी देणगी मागणं शिक्षण हक्क कायद्याने गुन्हा आहे, हे लक्षात ठेवा.

‘विनाअनुदानित’, ‘कायम विनाअनुदानित’, ‘टप्पा अनुदान’: हा काय प्रकार आहे?

१९८३ मध्ये वसंतदादा पाटलांच्या सरकारने खासगी विनाअनुदानित अभियांत्रिकी कॉलेजांना दार उघडलं. हळूहळू तीच वाट शाळांनी धरली. पुढे ‘कायम विनाअनुदान’ असा शब्द आला, म्हणजे पुढेही कधी मागू नका. शाळांच्या बाबतीतला ‘कायम’ हा शब्द २००९ मध्ये काढला आणि मूल्यांकनात बसलेल्या शाळांना टप्प्याटप्प्याने अनुदान देण्याचं ठरलं: आधी २० टक्के, मग ४०, ६०, असं १०० पर्यंत.

कागदावर हे सोपं वाटतं. प्रत्यक्षात पुढच्या टप्प्यासाठी शिक्षकांना वर्षानुवर्षं मुंबईच्या आझाद मैदानावर बसावं लागलं. एकाच स्टाफरूममध्ये, एकच विषय शिकवणारे दोघं, एकाला पूर्ण पगार आणि दुसऱ्याला त्याचा पाचवा हिस्सा. दुसरा संध्याकाळी क्लास घेतो, सुट्टीत शेतात राबतो. राज्याच्या शिक्षणातला सगळ्यात मोठा अन्याय मला विचाराल तर हा आहे.

पट कमी झाला की शिक्षक का जातो?

‘संच मान्यते’मुळे. दरवर्षी ३० सप्टेंबरच्या पटावर शाळेत किती पदं मंजूर ते ठरतं. शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे पहिली ते पाचवीसाठी ६० मुलांपर्यंत दोन शिक्षक, ६१ ते ९० ला तीन. पट घसरला की शिक्षक ‘अतिरिक्त’ होतो आणि दुसरीकडे समायोजित केला जातो. आता आधार जुळलेलेच विद्यार्थी मोजले जातात, त्यामुळे बोट उमटलं नाही किंवा नावात एक काना चुकला तरी मूल पटावरून गळतं. ऑक्टोबर २०११ च्या राज्यव्यापी पटपडताळणीत खोटे पट उघडे पडले होते, म्हणून ही कडक मोजणी आली हे खरं. पण शिक्षा भोगतात ती ऊसतोडीला गेलेल्या आईबापांबरोबर फिरणारी मुलं. तुमच्या मुलाचं आधार सप्टेंबरच्या आत तपासून घ्या.

२५ टक्के राखीव जागांचे पैसे शाळेला मिळतात का?

मिळायला हवेत. खासगी विनाअनुदानित शाळेत पहिल्या वर्गाच्या २५ टक्के जागा दुर्बल आणि वंचित घटकांतल्या मुलांसाठी असतात. सरकार स्वतःच्या शाळेत प्रति मुलामागे जेवढा खर्च करतं तेवढी रक्कम किंवा शाळेची फी, यातलं जे कमी ते शाळेला परत मिळतं. राज्याने बरीच वर्षं ही रक्कम १७,६७० रुपये धरली आहे आणि तीही थकत आली. अल्पसंख्याक संस्थांना २०१४ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानुसार ही अट लागू नाही.

फेब्रुवारी २०२४ मध्ये राज्याने नियम बदलून, एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल तर खासगी शाळेला सूट दिली होती. मुंबई उच्च न्यायालयाने जुलै २०२४ मध्ये तो बदल रद्द केला. त्यामुळे ‘जवळ झेडपीची शाळा आहे’ या कारणावरून कुणी अर्ज नाकारत असेल तर ऐकून घेऊ नका.

विद्यापीठं कशावर चालतात?

मंजूर पदांच्या पगाराचा पैसा राज्य सरकार देतं. बाकी उत्पन्न विद्यापीठ स्वतः उभं करतं: परीक्षा शुल्क, कॉलेजांकडून संलग्नीकरण शुल्क, ठेवींचं व्याज. विद्यापीठ अनुदान आयोग (१९५६ चा कायदा) आणि केंद्राच्या योजना यांतून प्रकल्पांना पैसा येतो. आयोगाच्या कायद्याच्या १२-ब कलमाखाली मान्यता नसेल तर केंद्राची मदत मिळत नाही.

अडचण अशी, की निवृत्त झालेल्या प्राध्यापकांच्या जागा वर्षानुवर्षं भरल्या जात नाहीत आणि शिकवायला तासिका तत्त्वावरची माणसं ठेवली जातात. पगाराचं अनुदान पदावर मिळतं, माणूसच नसेल तर सरकारचा पैसा वाचतो. परीक्षा शुल्कावर जगणारं विद्यापीठ मग हळूहळू परीक्षा मंडळ होऊन बसतं.

विद्यापीठाचा अर्थसंकल्प मार्चमध्ये अधिसभेपुढे (सिनेटपुढे) येतो. २०१६ च्या सार्वजनिक विद्यापीठ कायद्यानुसार अधिसभेत नोंदणीकृत पदवीधरांनी निवडून दिलेले १० सदस्य असतात. तुम्ही पदवीधर असाल तर नोंदणी करा. विधान परिषदेच्या पदवीधर मतदारसंघाची नोंदणी वेगळी, ही वेगळी.

एकाच कॉलेजात बी.एस्सी.ला थोडी फी आणि बी.सी.ए.ला कितीतरी जास्त, असं का?

इमारत एक, पाटी एक, खिसे दोन. बी.एस्सी.चा वर्ग अनुदानित, तिथल्या प्राध्यापकांचा पगार सरकारचा. बी.सी.ए. विनाअनुदानित, तिथल्या शिक्षकांचा पगार फीमधूनच. प्रवेश घेण्यापूर्वी खिडकीवर एकच प्रश्न विचारा: ‘ही तुकडी ग्रँटेबल आहे का?’

मुलींना फी माफ आहे ना?

सरकारी आणि अनुदानित शाळांत बारावीपर्यंत मुलींना शिक्षण शुल्क नाही. जुलै २०२४ च्या निर्णयाने व्यावसायिक अभ्यासक्रमांत आर्थिक दुर्बल, सामाजिक-शैक्षणिक मागास आणि इतर मागास वर्गातल्या, कुटुंबाचं उत्पन्न ८ लाखांपर्यंत असलेल्या मुलींना शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ झालं. पूर्वी ते निम्मंच माफ व्हायचं. प्रवेश केंद्रीभूत प्रक्रियेतून झालेला हवा, संस्थेच्या कोट्यातला चालत नाही. खासगी अभिमत विद्यापीठं यात नाहीत. वसतिगृह, मेस, विकास शुल्क यांचा खर्च आपलाच. अर्ज महाडीबीटी या सरकारी संकेतस्थळावर.

गोव्यातही असंच आहे का?

गोव्यात अनुदानाचा वाद भाषेवर झाला. तिथे प्राथमिक स्तरावर बरीच वर्षं फक्त मराठी-कोकणीसारख्या देशी भाषांच्या शाळांना अनुदान मिळायचं. २०११ मध्ये ते इंग्रजी माध्यमालाही दिलं आणि मोठं आंदोलन पेटलं. तिथल्या सरकारी प्राथमिक शाळा बहुतेक मराठी माध्यमाच्या आहेत, त्यामुळे अनुदानाची दिशा बदलली तर मराठी वर्गाचा पट हलतो.

राष्ट्रीय उत्पन्नाच्या ६ टक्के शिक्षणावर खर्च करायचं ठरलं होतं, त्याचं काय झालं?

कोठारी आयोगाने १९६६ मध्ये सांगितलं, १९८६ च्या धोरणाने मान्य केलं, २०२० च्या धोरणाने पुन्हा लिहिलं. केंद्र आणि राज्यं मिळून तिथवर अजून पोचलेली नाहीत.

हिशेब मागायचा तर कुणाकडे?

पहिली पायरी शाळा व्यवस्थापन समिती. तिच्यात ७५ टक्के पालक आणि निम्म्या स्त्रिया असणं कायद्याने बंधनकारक आहे, अध्यक्ष पालकच असतो. शाळा विकास आराखडा ही समितीच तयार करते. त्यानंतर केंद्रप्रमुख, गटशिक्षणाधिकारी, मग शिक्षणाधिकारी. उत्तर मिळालं नाही तर १० रुपयांचा माहिती अधिकाराचा अर्ज, ३० दिवसांत उत्तर द्यावं लागतं. अर्जात ‘सर्व माहिती द्या’ असं लिहू नका. वर्ष लिहा, योजनेचं नाव लिहा, कॅशबुकाची प्रत मागा.

आणि ग्रामसभा. आमच्या टाकीचं काम तिथे झालं. २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेत आम्ही अकरा पालक गेलो, त्यातल्या आठ आया. विकास आराखड्यात शाळेच्या टाकीची ओळ लिहून घेतली, इतिवृत्तावर सह्या होईपर्यंत कुणी उठलं नाही. टाकी पुढच्या जूनमध्ये बसली. पाचशे लिटरची, काळी, नळाला चार तोट्या. त्यातली एक तोटी पहिल्या आठवड्यात निघाली, ती मुख्याध्यापकबाईंनी संयुक्त अनुदानातून बसवली. कॅशबुकात नोंद आहे.